एका तबकडीचे तीन निकाल

नवे गाणे लोकांपुढे आले, की त्याचा निकाल लावायला आपण फार वेळ घेत नाही. भजनाला नवे बुवा बसले, की दुसऱ्या अभंगालाच मागच्या रांगेतून शेरे ऐकू येतात. "गळा गोड आहे हो, पण ताल कच्चा," असे कोणी म्हणतो, कोणी म्हणतो, "आवाज पोचतच नाही." शहरातल्या नियतकालिकांत हेच काम समीक्षक करतात. ते शेरे छापून येतात आणि त्यांना परीक्षण म्हणतात, एवढाच काय तो फरक. नवी तबकडी बाजारात आली, की चार-दोन वेळा ती ऐकायची आणि ठरलेल्या तारखेच्या आत अभिप्राय लिहून द्यायचा, अशी ही रीत.

ही रीत वाईट नाही. वाचकांना काय ऐकावे हे कळते, कलावंताला आपण कुठे आहोत हे समजते. पण काही गाणी अशी असतात, की ती पहिल्या भेटीत बोलतच नाहीत. लाजरी माणसे असतात ना, तशीच. अशा गाण्यांचा निकाल कोणी आणि कधी लावायचा? या प्रश्नाचा विचार आज आपण इंग्लंडमधल्या एका तबकडीच्या निमित्ताने करू. तिचे नाव 'पिंक मून', म्हणजे गुलाबी चंद्र. गाणारा निक ड्रेक. तबकडी निघाली फेब्रुवारी १९७२ मध्ये. दोन्ही बाजू मिळून तिच्यावर अकरा गाणी आहेत, आणि ती सगळी ऐकायला अठ्ठावीस मिनिटे पुरतात.

आधी दोन शब्दांचा खुलासा करतो. इंग्लंड-अमेरिकेत १९६० नंतर अशा गायकांची एक पिढी पुढे आली, की जे स्वतःच गीत रचत, स्वतःच चाल लावत आणि हातात गिटार घेऊन स्वतःच गात. आपल्याला हे नवे वाटायला नको. कवनही आपले, चालही आपली आणि आवाजही आपला, ही शाहिरांची परंपराच आहे. मात्र शाहीर गातो तो लोकांसाठी, चौकात उभा राहून. ही मंडळी गात ती आपल्या मनातले, आपल्याशीच बोलल्यासारखे. दुसरा शब्द 'स्वतंत्र कंपनी'. तबकड्या काढणाऱ्या बड्या कंपन्यांखेरीज काही लहान कंपन्या अशा कलावंतांना हाताशी धरीत. क्रिस ब्लॅकवेल यांनी १९५९ मध्ये जमैका बेटावर सुरू केलेली 'आयलंड रेकॉर्ड्स' ही त्यांतलीच एक. निक ड्रेकच्या तबकड्या तिनेच काढल्या.

आता या निकची थोडी ओळख. त्याचा जन्म १९ जून १९४८ रोजी ब्रह्मदेशात, रंगून येथे झाला. वडील रॉडनी ड्रेक हे बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीत इंजिनियर होते. ही कंपनी १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झाली आणि ब्रह्मदेशातल्या सागवानाचा मोठा व्यापार तिच्याकडे होता. आई मॉली ड्रेक यांचा जन्मही रंगूनचाच. दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या, तेव्हा त्या आपल्या बहिणीसह दिल्लीला आल्या. तेथे या दोघी 'लॉइड सिस्टर्स' या नावाने ऑल इंडिया रेडिओवर गात असत. आपल्या आकाशवाणीशी या घराण्याचा असा एक जुना धागा आहे, बरं का. निकची थोरली बहीण गॅब्रिएल हिचा जन्म १९४४ मध्ये लाहोरला झाला. पुढे ती नटी म्हणून नावारूपाला आली.

निक लहान असतानाच कुटुंब इंग्लंडला परतले आणि वॉरिकशायरमधल्या टॅनवर्थ-इन-आर्डेन या खेड्यात राहिले. घरात पियानो होता. आई स्वतः गाणी रचून गात असे आणि वडील ती घरच्या यंत्रावर टिपून ठेवीत. ही गाणी घराबाहेर कोणी ऐकली नव्हती. त्यांच्याकडे आपण शेवटी पुन्हा वळणार आहोत. निक केंब्रिजला इंग्रजी साहित्य शिकायला गेला, पण पदवी न घेताच १९६९ मध्ये त्याने विद्यापीठ सोडले. त्याचे गाणे जो बॉइड या अमेरिकन निर्मात्याच्या कानी पडले आणि त्याची पहिली तबकडी 'फाइव्ह लीव्हज लेफ्ट' १९६९ मध्ये निघाली. दुसरी 'ब्रायटर लेटर' १९७१ मध्ये. पहिलीत तंतुवाद्यांचा मेळ होता. दुसरीत ढोल-झांजा, सॅक्सोफोन असा भरगच्च संच होता. खप दोन्हींचा बेताचाच झाला. निकच्या हयातीत त्याची एकही तबकडी पाच हजारांच्या वर गेली नाही, असे सांगतात.

गाणी चांगली, साथ चांगली, मग खप का होईना? कारण ऐकण्यासारखे आहे. निक प्रत्येक गाण्यासाठी गिटारच्या तारा निराळ्या तऱ्हेने लावीत असे. घरी बसून हे ठीक. पण कार्यक्रमात एक गाणे झाले, की तो मान खाली घालून तारा पिळत बसे. या वेळात श्रोत्यांशी चार शब्द बोलावे, एखादा विनोद करावा, हे त्याला जमत नसे. मग लोक आपसात बोलू लागत, पेल्यांचा आवाज वाढे आणि पुढचे गाणे त्या गलक्यात बुडून जाई. थोड्याच दिवसांत त्याने जाहीर कार्यक्रम जवळजवळ सोडूनच दिले. बीबीसीवर जॉन पील यांच्या कार्यक्रमासाठी तो १९६९ मध्ये गायला. पण मुलाखती म्हणाल, तर छापलेली एकच सापडते, आणि तीतही तो फारसा बोललेला नाही. बोलणाऱ्याचा कोंडा खपतो आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, अशा अर्थाची आपली म्हण आहे. निकच्या गव्हाचे तसेच झाले.

अशा मनःस्थितीत ऑक्टोबर १९७१ मध्ये तो लंडनच्या 'साउंड टेक्निक्स' या स्टुडिओत गेला. वेळ रात्री उशिराची, कारण दिवसा स्टुडिओ इतरांच्या कामात असे. सोबत फक्त ध्वनिमुद्रक जॉन वुड. दोन रात्रींत काम आटोपले. सर्व गाण्यांत एक गिटार आणि एक आवाज. फक्त शीर्षकगीतात मागाहून थोडा पियानो घातला. आणखी काही वाद्ये घालायची का, असा प्रश्न निघाला, तेव्हा निकने नको म्हणून सांगितले. आहे तेच पुरे. शहाण्या स्वयंपाकिणीने भाजीत मीठ-मिरचीपलीकडे काही घालू नये आणि भाजीची स्वतःची चव राखावी, तसा हा प्रकार. मात्र मसाल्याची सवय झालेल्या जिभेला अशी भाजी प्रथम सपकच लागते.

तबकडी निघाली आणि परीक्षणे आली. हा झाला पहिला निकाल. 'मेलडी मेकर' हे तेव्हाचे मोठे संगीतसाप्ताहिक. त्याच्या परीक्षकाने लिहिले, की हे संगीत इतके खासगी आणि इतक्या संकोचाने मांडलेले आहे, की ते पोचतेही आणि पोचतही नाही. जितके अधिक ऐकावे तितके ते ओढून घेते, पण सारा वेळ ते आपल्यापासून लपतच राहते. 'साउंड्स' साप्ताहिकाचा सूर याहून कडक होता. या गृहस्थांनी हा गूढपणा आता सोडावा आणि आपले काम जरा नीट मार्गी लावावे, अशा अर्थाचे त्याने लिहिले. तिसरे मासिक 'झिगझॅग'. त्यात कॉनर मॅकनाइट यांनी म्हटले, की हा कलावंत कधी खोटे गात नाही. संगीताने माणसाला दुःखाचा विसर पाडावा, ही कल्पना तो मानत नाही. त्या वेळी त्याला आयुष्य जसे दिसले तसे त्याने मांडले, आणि याहून अधिक कोणाकडून काय मागावे?

आता कोणी म्हणेल, की पहिल्या परीक्षकांना काही कळलेच नाही. असे म्हणणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. 'मेलडी मेकर'चे शब्द पुन्हा पाहा. अधिक ऐकल्यावर हे संगीत ओढून घेते, हे त्या परीक्षकाला जाणवले होते. गाणे लपते आहे हेही त्याने अचूक टिपले होते. फक्त लपलेल्याला शोधायला हवा तेवढा वेळ त्याच्या धंद्यात नव्हता. शेकड्याने तबकड्या समोर पडलेल्या असताना अठ्ठावीस मिनिटांची एक हळू आवाजाची तबकडी दहा वेळा कोण ऐकणार? आणि 'साउंड्स'ने मागितला तो नीटनेटकेपणाही गैर नव्हता. कार्यक्रम नाही, मुलाखत नाही, मग गाणे लोकांपर्यंत जाणार कसे? खुद्द आयलंड कंपनीनेही जाहिरातीत उघड कबूल केले, की याच्या आधीच्या दोन तबकड्या खपल्या नाहीत. तरी हा मोठ्या गुणाचा माणूस आहे असे वाटते, म्हणून आम्ही ही तिसरी काढतो आहोत. धंदेवाईक कंपनीने असे छापावे, हे विरळाच. पण त्याने खप काही वाढला नाही.

यानंतर निकची प्रकृती ढासळत गेली. त्याला खिन्नतेचा मानसिक विकार होता. तो आईवडिलांच्या घरी परतला, बोलणे आणखी कमी झाले. २५ नोव्हेंबर १९७४ रोजी, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, औषधाची मात्रा अधिक झाल्याने त्याचा मृत्यू झाला. सरकारी चौकशीत आत्महत्या असा निर्णय झाला. तो सगळ्यांना पटला असे नाही.

आणि येथून दुसऱ्या निकालाला सुरुवात झाली. १९७५ पासून त्याच्यावर मृत्युलेख, मग लांब लेख येऊ लागले. त्याची सर्व गाणी एकत्र करून १९७९ मध्ये एक संच काढण्यात आला. नवे तरुण श्रोते मिळू लागले. पण हे श्रोते आणि समीक्षक तबकडी ऐकत, ती तिच्या गायकाचे पुढे काय झाले हे आधी जाणून. त्यामुळे प्रत्येक ओळीत त्यांना मरणाची चाहूल लागू लागली. गुलाबी चंद्र म्हणजे अशुभाची खूण, साधी गिटार म्हणजे एकाकीपणा, आणि अठ्ठावीस मिनिटे एवढीच लांबी म्हणजे संपत आलेले आयुष्य! गायकाचे मरण हीच जणू गाण्याची किल्ली, असे मानले जाऊ लागले.

दंतकथाही वाढू लागल्या. एक तर फार प्रसिद्ध आहे. निकने ध्वनिमुद्रणाची फीत आयलंडच्या कचेरीत टेबलावर ठेवली, एक शब्द न बोलता निघून गेला आणि ते पुडके कित्येक दिवस कोणाच्या लक्षातही आले नाही, असे सांगत. कंपनीच्या प्रसिद्धी विभागातले डेव्हिड सँडिसन यांनी सांगितलेली हकीकत निराळी आहे. निक आला, वर येऊन अर्धा तास त्यांच्याजवळ बसला, जवळजवळ काहीच बोलला नाही आणि उठून गेला. तासाभराने खालच्या मुलीने कळवले, की निक आपल्या फिती ठेवून गेला आहे. तासाचे दिवस कसे होतात, ते पाहा! गावातल्या गोष्टीही पारावर अशाच वाढतात.

या दुसऱ्या निकालातला दोष शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. दुःख भोगल्याशिवाय, मन आजारी पडल्याशिवाय मोठी कला होत नाही, असा समज अशा लेखांतून पसरतो, आणि कोवळ्या वयाच्या मुलांना तो चटकन भुरळ घालतो. निकचीच हकीकत या समजाच्या विरुद्ध साक्ष देते. आजार फार वाढल्यावर, १९७४ मध्ये, तो पुन्हा स्टुडिओत गेला. पण ज्या माणसाने दोन रात्रींत अकरा गाणी बसल्या बैठकीत गाऊन दिली होती, त्याला आता गिटार वाजवता वाजवता गाता येईना. गिटार आधी वेगळी मुद्रित करून घ्यावी लागली आणि आवाज मागाहून. जेमतेम चार-पाच गाणी झाली. आजाराने कला दिली नाही; होती तीही हातातून काढून घेतली. 'पिंक मून' आजारामुळे झाली असे म्हणण्यापेक्षा, आजार असतानाही जेवढे बळ उरले होते त्या बळावर झाली, असे म्हणणे सत्याला धरून आहे. आपल्या शाळेत एखादा मुलगा असा गप्प गप्प होत गेला, तर तो कवी होतो आहे असे समजून कौतुक करू नये. त्याची विचारपूस करावी आणि डॉक्टरांची मदत घ्यावी.

गाण्यांतही सगळा अंधार नाही. तबकडीतले शेवटचे गाणे सकाळचे आहे. उजाडते आहे, उठून पुन्हा बाहेर पडावे, असा त्याचा भाव. निकच्या आईवडिलांनी काय केले, तर याच गाण्यातली एक ओळ त्याच्या समाधीच्या दगडावर कोरली. अंधाराची ओळ निवडणे त्यांना कठीण नव्हते. पोराला ज्यांनी घरात वाढताना पाहिले, त्यांनी सकाळ निवडली.

तिसरा निकाल आला तो अगदी अनपेक्षित वाटेने. १९९९ च्या अखेरीस फोक्सवॅगन या मोटार कंपनीने अमेरिकेत टेलिव्हिजनवर एक जाहिरात दाखवली. चार तरुण उघड्या मोटारीतून चांदण्या रात्री फिरत आहेत. एका घरी मेजवानीला जायचे असते. तेथला गोंगाट पाहून ते आत न जाता माघारी वळतात आणि पुन्हा त्या चांदण्याच्या रस्त्याला लागतात. मागे चालू असते 'पिंक मून'चे शीर्षकगीत. बस्स! लोक विचारू लागले, हा गातो आहे तो कोण? सत्तावीस वर्षे पडून राहिलेल्या तबकडीचा खप अनेक पटींनी वाढला. पुढे २००४ मध्ये बीबीसी रेडिओने निकवर खास कार्यक्रम केला. अमेरिकेतल्या 'रोलिंग स्टोन' मासिकाने सर्वकाळच्या पाचशे उत्तम तबकड्यांची यादी २००३ मध्ये केली, तीत 'पिंक मून' ३२० वी होती. हीच यादी २०२० मध्ये नव्याने केली, तेव्हा ती २०३ री आली. गायक नाही, नवे गाणे नाही, तरी नंबर मात्र वर चढला!

या जाहिरातीवर पुष्कळांनी नाके मुरडली. मोटार विकण्यासाठी असले गाणे वापरावे का, हा त्यांचा सवाल होता, आणि तो काही अगदीच चुकीचा नव्हता. पण एक गोष्ट मात्र त्या जाहिरातीने दाखवून दिली. ज्या गाण्यात समीक्षकांना मरणाची छाया दिसत होती, तेच गाणे गायकाचे नावही ठाऊक नसलेल्या लाखो लोकांनी ऐकले, आणि त्यांना त्यात चांदणे दिसले. अर्थ दोन्ही गाण्यात आहेत. आपण काय मनात धरून ऐकायला बसतो, त्यावर कोणता कानी येतो हे पुष्कळसे ठरते.

यात एक माणूस पडद्यामागे राहिला, त्याचे नाव घेतल्यावाचून ही हकीकत पुरी होत नाही. जो बॉइड हा निकचा निर्माता. आपली संस्था आयलंडला विकून तो अमेरिकेला गेला, तेव्हा त्याने एक अट घातली, की निक ड्रेकच्या तबकड्या खपोत वा न खपोत, त्या यादीतून कधीही काढायच्या नाहीत. न खपणारा माल बंद करायचा, हा त्या धंद्याचा रिवाज. ही अट नसती, तर १९७९ चा श्रोता काय आणि १९९९ चा काय, कोठून ऐकणार होता? समीक्षक निकाल देतात, पण निकाल बदलायचा तर दप्तर शिल्लक हवे. ते शिल्लक ठेवणारा माणूस समीक्षकाइतकाच मोलाचा आहे. आपल्या गावातल्या म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या कोणी वहीत उतरवून ठेवतो, तेव्हा तो हेच काम करीत असतो. ओवी चांगली की वाईट, हे नंतर येणारे ठरवतील. आज ती टिकली पाहिजे.

आणि आता मॉलीबाईंची गाणी. त्या १९९३ मध्ये वारल्या. वडिलांनी घरी टिपून ठेवलेली त्यांची गाणी जपून राहिली होती. ती २०१३ मध्ये सर्वांसाठी तबकडीच्या रूपाने आली. ती ऐकल्यावर समीक्षकांना नवाच उलगडा झाला. ज्याला ते निकच्या आजाराचा सूर समजत होते, तो हलका, आतल्या आत बोलणारा सूर त्याच्या आईच्या गाण्यांत आधीच होता. घरात पियानोपाशी बसून गाणाऱ्या आईकडून तो मुलाकडे आला होता. रोग म्हणून ज्याचा निकाल लावला, ते घराणे निघाले! तेव्हा तिसरा निकालही शेवटचा म्हणता येणार नाही.

मग शाळेतल्या मुलांना आपण गाणे ऐकायला कसे शिकवावे? मला वाटते, तीन गोष्टी पुरेत. पहिली, हळू आवाजाचे गाणे एकदा ऐकून त्यावर मत द्यायला लावू नये. ते आज ऐकवावे, आठ दिवसांनी पुन्हा ऐकवावे, आणि मग विचारावे. दुसरी, कवीचे किंवा गायकाचे चरित्र आधी सांगू नये. आधी गाणे, मग माणूस. चरित्र आधी सांगितले, की मुले गाणे ऐकत नाहीत, चरित्रच पुन्हा ऐकतात. तिसरी, पहिले मत आणि दुसरे मत मुलांना वहीत शेजारी शेजारी लिहायला सांगावे. मत बदलले तर कमीपणा मानू नये. आणि न बदलले, तर तेही प्रामाणिकपणे लिहावे. सर्वांनाच निक ड्रेक आवडला पाहिजे असे थोडेच आहे? 'पिंक मून' दहा वेळा ऐकूनही कोणी "मला नाही भावली" म्हणाला, तर त्याच्या त्या मताला वजन आहे. एकदाच ऐकून "वा, वा!" म्हणणाऱ्यापेक्षा नक्कीच जास्त.